परवा म्हणजे नेमके कधी?

आपल्या भाषेत 'परवा' हा शब्द कालच्या आदल्या दिवसालाही लागतो आणि उद्याच्या पुढच्या दिवसालाही. डॉक्टर 'आठ दिवसांनी या' म्हणतात तेव्हा आपण सातव्या दिवशी, त्याच वारी हजर होतो. कोणाचे काही अडत नाही, कारण ऐकणारा माणूस असतो आणि शंका आली तर तो विचारतो. आता मात्र सहसा न विचारणारा एक कारकून आपल्या कचेऱ्यांत रुजू झाला आहे.

त्याला 'एआय एजंट' म्हणतात. काम सांगितले की कोणते साधन वापरायचे हे तो स्वतःच ठरवतो. पण वेळापत्रकाची वही त्याला थेट दिसत नाही. त्याच्यापुढे असते साधनाचे नाव, त्याखालचे दोन-चार ओळींचे वर्णन आणि भरायचे रकाने. अशी साधने जोडण्यासाठी अँथ्रॉपिक कंपनीने नोव्हेंबर २०२४ मध्ये 'मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉल' ही खुली पद्धत जाहीर केली. त्यामुळे जोडणी सोपी झाली. वर्णनात काय लिहायचे, ते मात्र लिहिणाऱ्यावरच राहिले.

असे एक वर्णन मी एका दवाखान्यासाठी लिहिले होते. ओळ एकच : 'डॉक्टरांच्या त्या दिवशीच्या भेटी देते.' एका आजीबाईंच्या मुलाने गुरुवारची वेळ मागितली. एजंटने साधन वापरले, तर यादी रिकामी आली. यादी रिकामी म्हणजे डॉक्टर मोकळे, असे धरून त्याने सकाळी दहाची वेळ देऊन टाकली. वास्तविक डॉक्टर रजेवर होते, म्हणून यादी रिकामी होती. आजीबाई पहाटेच्या एसटीने आल्या आणि बंद दारापुढे पायरीवर बसून राहिल्या.

सगळ्यांनी यंत्राला दोष दिला. आधी मीही दिला. मग माझीच ओळ पुन्हा वाचली आणि गप्प बसलो. रजेचा तीत उल्लेखच नव्हता. नवा कंपाउंडर असता तर त्याने विचारले असते, 'डॉक्टर गावाला तर गेले नाहीत ना?'

आता तिथे असे लिहिले आहे : 'हे साधन फक्त ठरलेल्या भेटी देते. रिकामी यादी म्हणजे डॉक्टर मोकळे, असे समजू नये. त्यासाठी "मोकळ्या वेळा" हे साधन वापरावे. तारीख वर्ष-महिना-दिवस या क्रमाने द्यावी. वेळ भारतीय प्रमाणवेळेची, २४ तासांच्या घड्याळाप्रमाणे. "परवा"चा अर्थ स्पष्ट नसेल तर रुग्णाला विचारावे.' शिवाय रजेची नोंदही आता यादीबरोबरच येते. नुसत्या शब्दांवर सगळा भार टाकून चालत नाही.

हा काटेकोरपणा कोणाला अतिरेक वाटेल. पण ०५/०६ म्हणजे आपल्याकडे ५ जून आणि अमेरिकेत ६ मे. कॅलेंडरच्या देवाणघेवाणीच्या 'आयकॅलेंडर' या प्रमाणपद्धतीत दिवसभराच्या नोंदीची अखेरची तारीख प्रत्यक्षाच्या पुढची लिहितात; १४ आणि १५ तारखेच्या शिबिराची अखेर तिथे १६ असते. आणि आपल्या मुंबईची जुनी स्थानिक वेळ तर भारतीय प्रमाणवेळेच्या ३९ मिनिटे मागे होती. १९०६ मध्ये प्रमाणवेळ आल्यावरही शहराने ती लगेच सोडली नाही. 'दहा वाजता' म्हटल्यावर 'कोणत्या घड्याळाने?' हा प्रश्न तेव्हाही रास्तच होता.

काही मित्र म्हणतात, यंत्रे हुशार होतील, मग हे सगळे कशाला? मला ते पटत नाही. हुशार माणसालाही न सांगितलेली रजा कळत नाही. कंपाउंडरला ती ठाऊक असते, कारण तो तिथे बसलेला असतो. त्याच्या डोक्यातले हे ज्ञान कागदावर उतरवणे, हेच वर्णन लिहिणाऱ्याचे खरे काम.

म्हणून हल्ली वर्णन लिहिण्याआधी मी एक दिवस कंपाउंडरच्या शेजारी स्टूल टाकून बसतो. तो रुग्णांना काय काय विचारतो, ते वहीत टिपून घेतो. वर्णनाचा मजकूर बहुतेक तिथेच सापडतो.