शटलची रांग सोडू नका!

खिडकीवर तिकीट काढायचे, रांगेत उभे राहायचे आणि मध्ये कुठेही न थांबता पणजीहून थेट मडगाव किंवा वास्को गाठायचे, ही कदंबच्या शटलची रीत गोव्यात घरोघरी ठाऊक आहे. पण ही बस आपल्याला सहज मिळालेली नाही.

पूर्वी आपला सारा प्रवास खाजगी बसवाल्यांच्या मर्जीवर होता. १९७८-७९ साली विद्यार्थी अर्ध्या तिकिटासाठी रस्त्यावर उतरले. त्यानंतर १९८० साली कदंब वाहतूक महामंडळ स्थापन झाले. गोव्याच्या जुन्या राजघराण्याचे नाव त्याला दिले गेले.

आज काहीजण विचारतात, तोट्यातले महामंडळ पोसायचे कशाला? खाजगी बस प्रवासी मिळतील तिथेच धावणार. रात्री गावाकडे जाणारी रिकामी फेरी कोण सोडणार? त्या फेरीचा खर्च हा तोटा नव्हे. सरकारने तो अर्थसंकल्पात लोकसेवा म्हणून वेगळा दाखवावा.

आणि वाचकहो, दारात गाडी येताच ती रांग आपणही सोडली. आठवड्यातून एक दिवस तरी शटलने जाऊया. जी बस आपण वापरत नाही, तिच्यासाठी भांडण्याचा हक्क तरी कसा सांगणार?