‘शांत’ बाळाच्या रक्ताचा एक थेंब

बाळ फारसे रडत नाही, दूध पिऊन तासन्‌तास झोपते, अशा बाळाचे घरात कौतुकच होते. बहुतेक वेळा त्यात काळजीचे काही नसते. काही बाळांमध्ये मात्र हा शांतपणा अवटू ग्रंथी, म्हणजे थायरॉइड, नीट काम करत नसल्याचे लक्षण असतो. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या पाहणीत साधारण ११३० जन्मांमागे एका बाळात हा जन्मजात दोष आढळला. देशातील वार्षिक जन्मांचा विचार केला, तर अशा बाळांची संख्या वीस हजारांच्या आसपास जाते. तरीही प्रत्येक नवजात बाळाची ही तपासणी होतेच असे नाही.

गळ्याच्या पुढच्या भागातील ही ग्रंथी आयोडीन वापरून थायरॉक्सिन हे संप्रेरक तयार करते आणि थेट रक्तात सोडते. पेशींच्या कामाचा वेग त्यावर ठरतो. पहिल्या दोन-तीन वर्षांत मेंदूची वाढही त्यावरच अवलंबून असते. गर्भात आईचे थायरॉक्सिन बाळाला काही प्रमाणात मिळते, त्यामुळे जन्मतः बाळ ठणठणीत दिसते. लांबलेली कावीळ, बद्धकोष्ठता, घोगरे रडणे ही लक्षणे ध्यानात येईपर्यंत अनेक आठवडे निघून जातात. तोवर मेंदूचे झालेले नुकसान नंतरच्या औषधाने पूर्ण भरून येत नाही.

हा दोष आधीच पकडता येतो, तो ग्रंथींच्या आपसातील संवादामुळे. मेंदूच्या तळाशी असलेल्या पीयूषिका ग्रंथीला रक्तातील थायरॉक्सिनची चाहूल असते. ते कमी पडले, की ती टीएसएच हे संप्रेरक अधिक सोडून अवटू ग्रंथीला कामाला लावते. पुरेसे झाले, की हात आखडता घेते. अवटू ग्रंथी दुबळी असली किंवा तयारच झाली नसली, तर टीएसएच वाढतच जाते. टाचेतून घेतलेल्या रक्ताच्या थेंबात ते मोजता येते. कॅनडातील क्यूबेक प्रांतात १९७४ मध्ये नवजात बाळांची अशी तपासणी सुरू झाली.

अडचण वेळेची आहे. जन्मानंतर लगेच निरोगी बाळातही टीएसएच उसळते. म्हणून रक्त साधारण ४८ ते ७२ तासांनी घ्यावे लागते; तोवर अनेक माता घरी गेलेल्या असतात. नाळेतील रक्त तपासणे हा त्यावरचा व्यवहार्य पर्याय आहे. पण खरी कसोटी अहवाल आल्यावर लागते. बाळंतपण माहेरी, पत्ता सासरचा, फोन तिसऱ्याचाच, अशा स्थितीत कुटुंबाला गाठणारी यंत्रणा नसेल, तर तपासणी कागदावरच राहते.

२०१३ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या यादीत हा आजार आहे, पण ऐच्छिक म्हणून. गोव्याने २००८ मध्येच नवजात बाळांच्या तपासणीचा कार्यक्रम हाती घेतला होता. मोठ्या राज्यांत प्रश्न प्रयोगशाळांइतकाच पाठपुराव्याचाही आहे, आणि आशा सेविकांचे जाळे तिथे उपयोगी पडू शकते.

उपचार साधा आणि स्वस्त आहे: लेव्होथायरॉक्सिनची गोळी चुरडून, आईच्या थोड्या दुधात किंवा पाण्यात मिसळून रोज देणे. पहिल्या दोन आठवड्यांत ती सुरू झाली, तर बहुतेक मुले इतरांसारखीच वाढतात, शाळेत जातात. प्रसूतिगृहातून बाहेर पडताना ‘बाळाची टीएसएच तपासणी झाली का, अहवाल कधी मिळेल’ एवढे विचारणे पालकांच्या हाती आहे. ते विचारण्याची वेळच येऊ नये, हे पाहणे सरकारच्या हाती.