पिठाचा कोंबडा, भाताचा पांडा

डब्याच्या बाबतीत आपण जैन बायका किती काटेकोर! बिस्किटाच्या पुड्यामागची बारीक अक्षरं चष्मा चढवून वाचतो. कांदा-लसूण आहे का, जिलेटिन आहे का, अंडं आहे का. आणि त्याच आपण सकाळी सहाला भाताचा गोळा वळतो, त्याला कान लावतो, डोळे लावतो आणि नातवाला सांगतो, "खा बाळा, पांडा खा." माझं भांडण आहे ते या शेवटच्या वाक्याशी.

बेन्तो हे त्या सजवलेल्या जपानी डब्याचं नाव. आबिड्सच्या फुटपाथवर रविवारी जुन्या पुस्तकांचा बाजार भरतो, तिथं मला त्याचं एक चकचकीत पुस्तक मिळालं. बेन्तोवर माझा राग नाही. माकुनोउची म्हणून त्यातला एक जुना प्रकार आहे, एदो काळात नाटकाच्या मध्यंतरात खायचा. भात, भाजी, लोणचं, सगळं आपापल्या कप्प्यात सुबक. प्राण्यांची आणि कार्टूनची तोंडं आली ती अलीकडे, त्यांना क्याराबेन म्हणतात. अ‍ॅन अ‍ॅलिसन नावाच्या अमेरिकन अभ्यासक बाईंनी १९९१ सालीच लिहून ठेवलंय की बालवाडीचा हा डबा म्हणजे मुलाइतकीच आईचीही परीक्षा. तरी तिथं प्राथमिक शाळेत बहुतेक ठिकाणी जेवण शाळेतच मिळतं, म्हणून ही कसरत मुख्यतः बालवाडीपुरती. आपल्याकडे दहावीपर्यंत डबा! पण ते दुखणं वेगळं, आज नको.

आता मुद्द्याचं. यशोधर राजाची गोष्ट आपल्या घरांतून सांगितली जाते, निदान जायची. राजाला वाईट स्वप्न पडलं. आई चंद्रमती म्हणाली, देवीला बळी दे. राजा जीव मारायला तयार होईना. मग मायलेकांनी मधला मार्ग काढला: पिठाचा कोंबडा करू आणि तो कापू. रक्त नाही, प्राण नाही, नुसतं पीठ. त्या पिठाच्या कोंबड्यापायी राजा पुढच्या जन्मी मोर झाला, आई कुत्रा झाली, आणि असे पशूंचे जन्म घेत दोघं खरोखरच्या कोंबड्यांच्या जन्मापर्यंत पोचली. सोमदेवसूरींनी ९५९ साली 'यशस्तिलक' पुरं केलं, त्यात हीच कथा आहे. हे सोमदेव काही लांबचे नव्हेत. वेमुलवाड्याच्या चालुक्यांच्या आश्रयातले. वेमुलवाडा इथून दीडशे किलोमीटरवर. तिथल्या शुभधाम जिनालयासाठी त्यांना गाव दान दिल्याचा ९६६ सालचा ताम्रपट सापडला तो परभणीला. म्हणजे तेलंगण आणि मराठवाडा, आपलं सासर-माहेरच म्हणा ना!

कुणी म्हणेल, काकू, राजाच्या मनात बळी होता, आमच्या मनात लाड आहेत. कबूल. संकल्पी हिंसा ती, ही नव्हे. पांडा खाल्ला म्हणून कुणी मोराच्या जन्माला जाणार नाही, तसं मी म्हणतही नाही. पण त्या कथेत पाप मोजलंय ते पिठाचं नाही, आकार देऊन तो मोडताना मनाला जी सवय लागते तिचं. पाच वर्षांचं मन तर ओल्या मातीसारखं.

आमच्याच इमारतीतली एक पाच वर्षांची मुलगी. आईनं भाताचा ससा करून दिला, ढोबळी मिरचीची मिशी, मिऱ्याचे डोळे. पोरगी डबा उघडून बसून राहिली. खाईना. का, तर "त्याला दुखेल." आई हसली, म्हणाली, "अगं वेडे, भातच आहे तो, आधी कान खा." चार दिवसांत ती कान आधी, मग डोळे, असं मजेत खायला शिकली. मला सांगा, त्या डब्यासमोर पहिल्या दिवशी जास्त जैन कोण होतं?

"पण तोंड काढलं की मुलं तोंडलीसुद्धा खातात हो!" हे मला दहा जणींनी ऐकवलंय. खात असतील. फुलाच्या आकाराचीही खातात, चांदणीचीही. आपण पोळ्याला मातीचे बैल करतो, पण त्यांना नैवेद्य दाखवतो, त्यांनाच खात नाही. माझी आजी जत्रेतले साखरेचे हत्ती-घोडे कधी घेऊ देत नसे. बत्तासे मात्र मूठभर.

आणि नव्यानं शिकणारीला तरी प्राणी सोपे कुठं असतात? त्या पुस्तकातलं अर्धं सामान आपल्याला चालतच नाही. गाजराची फुलं गेली, बटाटा गेला, अंड्याची पिवळी चादर गेली. डोळ्यांसाठी नोरी लागते, ते समुद्रातलं शेवाळ; शेवाळ म्हटलं की आपल्याकडे अनंतकायाचा प्रश्न आलाच. उरतं ते पुष्कळ आहे. सोना मसुरीचा मोकळा भात वळत नाही, तिथं आंबेमोहोर थोडा मऊ शिजवावा, कोमट असताना ओल्या हातानं वाटीत दाबून उपडा करावा. त्यावर मटार, टोमॅटो, लाल-पिवळी ढोबळी मिरची. गोडाच्या कप्प्यात डाळिंबाचे दाणे, पपईच्या फोडी. अष्टमी-चतुर्दशीला हिरवं नको तर मुगाच्या धिरड्याचे त्रिकोण कापा आणि ते चक्रासारखे लावा. डबा भरताना सगळं पूर्ण गार करा, नाहीतर झाकणाला वाफ धरते आणि नक्षी दुपारपर्यंत लगदा होते. रोज देवळात पाटावर तांदळाचा स्वस्तिक काढणारी बोटं आहेत आपली. त्यांना "बिगिनर" कोण म्हणतं?

पुढच्या महिन्यात महिला मंडळात डबा-सजावटीचा वर्ग ठरलाय. साच्यांची यादी माझ्याकडे आली: पांडा, ससा, मांजर, मासा. मासा! जैन मंडळाच्या यादीत! चारही नावांवर काट मारून मी पान, कमळ, चांदणी, शंकरपाळा लिहिलंय. ज्यांना पटत नसेल त्यांनी वर्गात उभं राहून बोलावं, मी उत्तर देईन. तोवर बेगम बाजारातून हे साचे कोण आणणार, तेवढं कळवा.