सर्वांचे घड्याळ एक

पातूरसारख्या वऱ्हाडातील तालुक्याच्या गावी लग्नसराईत वाजणाऱ्या ऑर्केस्ट्रात ढोलकीशेजारी कीबोर्ड आणि ऑक्टोपॅड, म्हणजे काठ्यांनी वाजवायचे आठ कप्प्यांचे इलेक्ट्रॉनिक तालवाद्य, मांडलेले असते. परंतु दोन्ही यंत्रांवर मिनिटाला १२० ठोके असा एकच आकडा लावला, तरी त्यांत भरून ठेवलेले ठेके हळूहळू एकमेकांपासून सुटू लागतात, कारण प्रत्येक यंत्र आपला वेळ स्वतंत्रपणे मोजते, आणि मधल्या फटीत गायकाची ओढाताण होते. १९८३ मध्ये प्रत्यक्षात आलेल्या ‘मिडी’ या वाद्यांच्या सामाईक संकेतप्रणालीने हा प्रश्न सोडवला आहे: एक यंत्र प्रमुख ठरून प्रत्येक मात्रेला २४ स्पंद पाठवते, म्हणजे १२० च्या लयीत सुमारे २१ मिलिसेकंदांना एक, आणि बाकीची यंत्रे स्पंदांमधील अंतरावरून लय धरतात, सुरू होण्याचा व थांबण्याचा संकेतही त्याच तारेतून येतो. मुंबईचे चरणजित सिंग यांनी १९८२ च्या आपल्या रागाधारित ध्वनिमुद्रिकेसाठी वापरलेली रोलँडची टीआर-८०८ आणि टीबी-३०३ ही यंत्रे मिडीपूर्व काळातील असूनही त्यांच्यात मात्रेला २४ स्पंदांचीच जोडणी होती, त्यामुळे ही कल्पना महाराष्ट्राला परकी नाही. स्पंद देणारे प्रमुख यंत्र तालवादकाच्याच हाती असावे, कारण लय राखणे हे त्याचेच काम आहे. आणि ज्या मंडळींच्या यंत्रांत ही सोय आहे, त्यांनी आणखी मोठा स्पीकर घेण्याआधी ही साधी तार घ्यावी.