ऑनलाइन कामें आणि शेतकऱ्याचें मन

गेल्या कांहीं वर्षांत शेतकऱ्याचीं बहुतेक सरकारी कामें चावडींतून उठून मोबाइलच्या पडद्यावर जाऊन बसलीं आहेत. डिजिटल सहीचा सातबारा १ मे २०१८ पासून घरबसल्या मिळूं लागला. १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर ई-पीक पाहणी सुरू झाली, आणि जें काम पूर्वीं तलाठी करीत असे तें खातेदारानें स्वतः शेतांत उभें राहून, पिकाचा फोटो काढून करावयाचें ठरलें. १५ एप्रिल २०२५ पासून कृषिखात्याच्या योजनांना शेतकरी ओळख क्रमांक लागूं लागला. त्याच वर्षाच्या हंगामांत कापूस महामंडळास हमीभावानें कापूस घालावयाचा तर ‘कपास किसान’ ॲपवर आधीं नांव नोंदविलें पाहिजे, असा नियम झाला. शिरपूर तालुक्यासारख्या कापसाच्या मुलुखांत या शेवटच्या गोष्टीचा अर्थ काय होतो तें सांगावयास नको. २०२५-२६ च्या हंगामासाठीं लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला ८११० रुपये व मध्यम धाग्याचा ७७१० रुपये ठरला होता. नोंद नाहीं तर तो भाव नाहीं. मग दारावर आलेला खेडा खरेदीवाला सांगेल तो भाव.

असें असतांही नोंदीची मुदत संपत आली म्हणजे गांवोगांव तोच देखावा दिसतो. मुदत वाढते, पुनः वाढते, आणि तरीही कांहीं खातेदार राहून जातातच. त्यावर कचेऱ्यांतून एकच निदान ऐकूं येतें: शेतकरी अडाणी आहे, नव्याला बिचकतो, त्याला प्रशिक्षण द्या. हें निदान आम्हांस मुळींच मान्य नाहीं. खानदेशच्या शेतकऱ्यानें नवें घेण्यांत कधीं हयगय केलेली नाहीं. जरिला व विरनार हे कापसाचे सुधारलेले वाण आमच्या आजोबांनीं पेरले. १९७० साली सुरतेच्या संशोधन केंद्रावरून संकर-४ बाहेर पडला, तेव्हां फुलाफुलावर हातानें परागीकरण करून केलेलें तें महाग बीं आमच्या वडिलांनीं घेतलें. २००२ मध्यें बीटी कापसास परवानगी मिळाल्यावर गावरान कापूस किती झपाट्यानें गेला हें तर आपण डोळ्यांनीं पाहिलें. केळीच्या बागेंत ठिबकाच्या नळ्या आल्या, ऊतिसंवर्धित रोपें आलीं. फार कशाला, जो खातेदार ई-पीक पाहणीचें नांव काढतांच कपाळाला आठ्या घालतो, तोच खताच्या दुकानीं क्यूआरचा फोटो घेऊन चार हजार रुपये बिनदिक्कत चुकते करतो. मोबाइल तोच, बोट तेंच. तेव्हां अडचण अकलेची नसून मनाची आहे. आणि मन कशावरून वळतें व कशावरून अडतें याचा विचार केल्यावांचून मेळावे भरवून कांहीं साधावयाचें नाहीं.

या प्रश्नाचा अभ्यास विद्वानांनीं केला आहे, आणि त्यांतील एक जुना व नामांकित अभ्यास शेतकऱ्यांचाच आहे. अमेरिकेंत आयोवा प्रांतांत मक्याचें संकरित बीं १९२८ च्या सुमारास बाजारांत आलें. रायन व ग्रॉस या दोघां समाजशास्त्रज्ञांनीं तेथील दोन वस्त्यांतील २५९ शेतकऱ्यांना भेटून तें बीं कोणीं, केव्हां व कोणाच्या सांगण्यावरून घेतलें याची चौकशी केली, आणि ती १९४३ मध्यें प्रसिद्ध केली. १९४१ पर्यंत दोघेजण वगळतां सर्वांनीं बीं स्वीकारलें होतें. परंतु बियाण्याची वार्ता कानीं पडल्यापासून तें प्रत्यक्ष पेरीपर्यंत मध्यें वर्षेंच्या वर्षें गेलीं. पहिली बातमी बहुधा बियाणें विकणाऱ्याकडून मिळाली; पण मन वळलें तें शेजाऱ्याच्या शेताकडे पाहून. शिवाय बहुतेकांनीं आधीं थोड्या जमिनींत पेरून पाहिलें, मग हळूहळू क्षेत्र वाढविलें.

शेवटची गोष्ट आपल्या विषयास फार लागू आहे. नवें बीं दोन तासांत लावून पाहतां येतें. बिघडलें तर दोन तासच बिघडतात. ऑनलाइन नोंदीची अशी चाचणी घेतां येत नाहीं. एकदां ‘पुष्टी करा’ दाबलें कीं साऱ्या गटाचें वर्षाचें पीक त्या एका बोटाखालीं गेलें. कापसाच्या जागीं चुकून तूर पडली, क्षेत्राचा आंकडा चुकला, तर पुढें काय, हा विचार मनांत आला म्हणजे बोट थबकतें. ई-पीक पाहणींत पुढें अठ्ठेचाळीस तासांच्या आंत दुरुस्ती करण्याची सोय झाली, ही गोष्ट चांगली झाली. पण ती सोय ठाऊक नसलेले खातेदार अजून भेटतात. ॲप कसें उघडावें हें मेळाव्यांत सांगितलें जातें. चूक कशी पुसावी हें आधीं सांगितलें असतें तर अर्धें भय तेथेंच गेलें असतें.

संगणकाविषयीं असाच विचार अमेरिकेंतील फ्रेड डेव्हिस यांनीं १९८९ मध्यें मांडला. मनुष्य नवें यंत्र हातीं धरील कीं नाहीं, हें मुख्यतः दोन समजुतींवर ठरतें, असें त्यांचें म्हणणें: हें माझ्या उपयोगी पडेल काय, आणि हें मला सोपें जाईल काय. यांत वस्तु खरोखर कशी आहे यापेक्षां ती माणसाला कशी वाटते याला महत्त्व आहे. आणि सोपेपणापेक्षां उपयोगाची खात्री अधिक जोर करते, असें त्यांना आढळलें. आपल्याकडे सारी खटपट ॲप सोपें करण्यासाठीं चालली आहे. दरवर्षीं नवी आवृत्ति येते, जुनी पुसून नवी घ्यावी लागते, आणि गेल्या साली शिकलेलें यंदा निरुपयोगी ठरतें, तें असो. पण उपयोगाची खात्री कोण पटवून देतो?

दुकानांतील क्यूआरचा उपयोग तत्क्षणीं दिसतो: पैसे गेले, दुकानदाराच्या डबींतून आवाज आला, व्यवहार संपला. पीक पाहणीचा उपयोग अतिवृष्टि झाली, विम्याचा दावा करावा लागला, किंवा हमीभावाच्या खरेदीस जावें लागलें, तरच दिसतो. तोंपर्यंत तें नुसतें बिनमोबदल्याचें काम वाटतें. आणि जेव्हां उपयोग दिसण्याची वेळ आली तेव्हां काय झालें? २०२३ च्या खरिपांतील कापूस व सोयाबीन उत्पादकांस हेक्टरी पांच हजार रुपये, दोन हेक्टरांच्या मर्यादेंत, देण्याचें सरकारनें ठरविलें. प्रथम ई-पीक पाहणींत नोंद असलेल्यांनाच तें मिळावयाचें होतें. ओरड झाली, आणि २०२४ मध्यें ती अट सैल होऊन सातबाऱ्यावर पिकाची नोंद असलेल्यांनाही लाभ देण्याचें ठरलें. आमच्या मतें तें न्याय्यच झालें, कारण कापूस ज्याच्या शेतांत होता त्याच्या शेतांत तो होताच. परंतु चिखल तुडवून मुदतींत फोटो काढणाऱ्यानें मनाशीं कोणता हिशेब केला असेल, आणि न काढणाऱ्यानें कोणता, याचा विचार कोणीं केला नाहीं. दोघांचेंही अनुमान एकच: न केलें तरी चालतें.

याहून खोल गोष्ट विश्वासाची आहे. बँकेनें आपल्याला बजावलें आहे कीं मोबाइलवर येणारा ओटीपी कोणालाही सांगूं नये; पोलीसखातें तेंच सांगतें, फोन लावतांनाही तेंच ऐकूं येत असे. मग शेतकरी ओळख क्रमांक काढावयास सेवा केंद्रावर गेलें कीं टेबलापलीकडचा मुलगा पहिल्या दोन मिनिटांत म्हणतो, “काका, ओटीपी सांगा.” आधार क्रमांक त्याच्यापुढें, बँकेशीं जोडलेला मोबाइल त्याच्या हातांत, आणि वर ओटीपी! काकांनीं कोणाची आज्ञा पाळावी? जो काका येथें कांकूं करतो त्याला आपण मागासलेला म्हणतों. वास्तविक त्यानें बँकेचा उपदेश लक्षांत ठेवलेला असतो. ओटीपी कोणत्या कामांत द्यावा, कोणासमक्ष द्यावा आणि कोणत्या कामांत कदापि देऊं नये, एवढें एका कागदावर छापून केंद्राच्या भिंतीला लावावयास किती खर्च येतो? पैसे काढण्याचा ओटीपी निराळा आणि ओळख पटविण्याचा निराळा, एवढा भेद समजला तरी पुष्कळ झालें.

हें भय निराधार आहे असेंही नाहीं. २०२३ च्या खरिपापासून एक रुपयांत पीक विमा देण्याची योजना राज्यांत चालली. अर्ज सोपा झाला, केंद्रचालकास दर अर्जामागें विमा कंपनीकडून मेहनताना मिळूं लागला, आणि अर्जांचा पूर आला. त्यांत परक्याच्या व सरकारी जमिनीवर विमा उतरविल्याचीं प्रकरणें उघडकीस आलीं, आणि २०२५ च्या खरिपापासून ती एक रुपयाची सवलत बंद झाली. आपल्या गटावर आपल्या नकळत दुसराच कोणी विमा उतरवूं शकतो, हें एकदां ऐकल्यावर शहाणा मनुष्य आपला सातबारा व आधार कोठेंही ठेवण्यापूर्वीं चार वेळां विचार करील, तर त्याला नांवें ठेवतां येणार नाहींत.

घरांतल्या घरांतही एक गांठ आहे, तिच्याविषयीं फारसें कोणी बोलत नाहीं. खातें बापाच्या नांवें, मोबाइल मुलाचा. ज्यानें चाळीस वर्षें घरचा कारभार पाहिला, पेरणी केव्हां व विक्री केव्हां हें ज्याच्या शब्दावर ठरलें, त्यानें आतां विशीतल्या पोरासमोर बसून “आतां कोठें दाबूं?” असें विचारावयाचें! दोनदां विचारल्यावर मुलगा वैतागून मोबाइल ओढून घेतो, आणि तिसऱ्यांदा वडील विचारीतच नाहींत. मुलगा कामासाठीं सुरतेस असेल तर आणखीच मौज: बाप शिरपूरच्या केंद्रांत रांगेंत उभा, आणि ओटीपी वाजतो सुरतेस. ज्या खातेदार स्त्रिया आहेत त्यांची स्थिति याहून बिकट, कारण त्यांच्या नांवाशीं जोडलेला क्रमांक बहुधा पतीचा किंवा दिराचा असतो. हें आपल्यानें जमेल, हा भरंवसा माणसाच्या इराद्याचा मोठा आधार आहे असें मानसशास्त्र सांगतें. तो भरंवसा सरकारनें नव्हे, आपणच घरांत मोडीत काढतों. तरुण वाचकांनीं हें वाक्य मनावर घ्यावें.

सातपुड्याच्या पायथ्याच्या व आंतल्या गांवांची गोष्ट निराळी. तेथें पावरी बोलणाऱ्या खातेदारापुढें मराठी पडदा येतो, आणि रेंज शोधीत टेकडीवर चढावें लागतें. रेंज नसतांना फोटो काढून ठेवून मग पाठविण्याची सोय ॲपमध्यें आहे. पण तेथें मन वळविण्यापूर्वीं मनोरे उभे राहिले पाहिजेत.

या साऱ्या कारणांच्या मुळाशीं एकच प्रश्न आहे, आणि तो आपल्या अहिराणींत जितका नेमका विचारला जातो तितका कोणत्याही शास्त्रग्रंथांत विचारलेला नाहीं: “चुकनं ते कोनले सांगानं?” पूर्वींची पद्धति निर्दोष होती असें आम्ही म्हणत नाहीं. चावडींत बसून गेल्या सालचेंच पीक यंदाच्या कोष्टकांत उतरविणारे महाभाग आपण पाहिले आहेत, आणि ई-पीक पाहणी आली ती कांहीं अंशीं त्यांच्यामुळेंच. पण त्या चुकीला एक चेहरा होता. त्याच्याकडे चार जणांना घेऊन जातां येत असे, भांडतां येत असे, त्याच्या वरिष्ठाकडे अर्ज देतां येत असे. आतां पडद्यावर ‘प्रलंबित’ असा शब्द येतो, आणि प्रलंबित कोणाकडे, किती दिवस, याचें उत्तर कोणी देत नाहीं. मनुष्य धोका पत्करतो तो मागें कोणी उभा असेल तर. मागें कोणीच नाहीं असें वाटलें कीं तो टाळतो, आणि टाळण्याला मग ‘वेळ नव्हता’ असें नांव देतो.

म्हणून आमची सूचना विकास सोसायट्यांना उद्देशून आहे. प्राथमिक सोसायट्यांच्या संगणकीकरणास केंद्र सरकारनें २०२२ मध्यें मंजुरी दिली, आणि २०२३ पासून सोसायट्यांना सेवा केंद्राचीं कामें करण्याची मोकळीक मिळाली. जेथें संगणक येऊन पोंचला आहे तेथें तो केवळ कर्जाच्या नोंदीपुरता ठेवूं नये. नोंदीच्या हंगामांत रोज ठराविक वेळीं एक माणूस तेथें बसावा, आणि तो गांवचाच असावा. बोट खातेदाराचें असावें, त्यानें फक्त दाखवावें. नोंद झाली कीं तिचा छापील कागद खातेदाराच्या हातीं द्यावा. नोंद अडली तर वहींत तारीख, गट क्रमांक व अडचण लिहून खातेदाराची सही घ्यावी, आणि आठवड्याच्या शेवटीं ती यादी सचिवानें तहसील कचेरींत समक्ष नेऊन पोंच आणावी. पहिल्या दोन दिवसांत ज्यांच्या शेताकडे पाहून गांव पेरणी ठरवितें अशा पांच-सात जुन्या शेतकऱ्यांनीं सर्वांसमक्ष आपली नोंद करावी, चुकवावी आणि दुरुस्तही करून दाखवावी. पुढील हंगामाची मुदत जाहीर होण्यापूर्वीं पंचकमिटीच्या सभेंत हा विषय घेतां येईल. आणि वहीला खर्च येईल तो शंभर-दीडशें रुपये.