म्हशीच्या हाडांतलं दूध

‘आमच्या आजोबांच्या म्हशींनी कधी मिनरल मिक्श्चर खाल्लं होतं?’ गोठ्यावर खनिज मिश्रणाचा विषय काढला की हा प्रश्न येतोच. प्रश्न बिनतोड वाटतो, पण आजोबांची म्हैस दिवसभर गायरानात, ओढ्याकाठी, बांधावर चरायची. तऱ्हेतऱ्हेचं गवत नि पाला तिच्या पोटात जायचा, आणि दूध द्यायची ती घरापुरतं. आजची मुऱ्हा चोवीस तास दावणीला. ऊसपट्ट्यात महिनोन्महिने तिच्यापुढे वाढेच पडतात. वाढ्यांतलं ऑक्झॅलेट कॅल्शियमला जखडून ठेवतं, त्यामुळे वैरणीत असलेलंही पुरतं अंगी लागत नाही. कडब्यात फॉस्फरस मुळातच तुटपुंजा.

‘पेंड-कोंडा घालतो की!’ जरूर घाला. पण गव्हाच्या कोंड्यात फॉस्फरस भरपूर आणि कॅल्शियम जेमतेम. नुसतं आंबोण वाढवून ही तूट भरत नाही.

सर्वांत फसवा युक्तिवाद वेगळाच आहे: ‘पावडर बंद केली, तरी दूध घटलं नाही.’ लगेच घटणारच नाही! म्हशीच्या लिटरभर दुधातून साधारण 1.8 ग्रॅम कॅल्शियम जातं. 8 लिटर देणारीचं रोज 14 ग्रॅमांहून जास्त. खाण्यातून मिळालं नाही, तर ती ते स्वतःच्या हाडांतून काढते. बादली भरलेली दिसते, म्हणून आपण निर्धास्त राहतो. भिंत चाटणारी, दावं चघळणारी म्हैस खोडकर ठरवून तिला हाणतो. ती खरं तर उपाशी असते. मग व्यायल्यावर काही आठवड्यांत एखादीची लघवी कॉफीसारखी काळपट-तांबडी होते. फॉस्फरस घटला की रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात, आणि उपचाराला उशीर झाला तर म्हैस हातची जाते. जी वाचते तिचा माज लांबतो. म्हशीचा माज आधीच मुका, त्यात तो लांबला की भाकड दिवसांचा खर्च मालकाच्या अंगावर.

व्यायल्यावर कॅल्शियमच्या बाटल्या पाजल्या की भागलं, ही समजूतही सोडा. बाटल्या चार दिवस पुरतात, दूध आठ-दहा महिने चालतं.

‘हा कंपन्यांचा धंदा आहे’ या तक्रारीत मात्र तथ्य आहे. बाजारात निकृष्ट पावडरी खपतात. त्यावर उपाय म्हणजे पाकीट वाचून घेणं. भारतीय मानक ‘आयएस 1664’चा उल्लेख आणि कॅल्शियम 20 टक्के, फॉस्फरस 12 टक्के, शिवाय तांबं, जस्त, आयोडीन, कोबाल्ट यांचं प्रमाण छापलेलं हवं. असं मिश्रण रोज 50 ग्रॅम, जास्त दुधाच्या म्हशीला 100 ग्रॅमपर्यंत, आंबोणात कालवून द्यावं. 50 ग्रॅमांतून 10 ग्रॅम कॅल्शियम जातं, आणि खर्च एका कटिंग चहाएवढा.

म्हैस आटली म्हणून हे बंद करू नका. पोटातल्या रेडकाची हाडं शेवटच्या तीन महिन्यांतच भरतात. व्यायच्या आधीच्या दोन-तीन आठवड्यांत मात्र कॅल्शियम किती द्यायचं, ते आपल्या पशुवैद्यकाला विचारूनच ठरवा.