मागच्यासाठीचा दिवा

मंडळी, परवा पोलादपूरहून आंबेनळी घाट चढताना पुतण्याची गाडी पुढे, आमची मागे. धुक्यात तो ब्रेक कधी दाबतो तेच कळेना! हौसेने स्वस्तातले एलईडी बसवलेले. टेल आणि ब्रेक सारखेच उजळत होते.

माझा एलईडीला विरोध नाही. साध्या बल्बपेक्षा तो सुमारे ०.२ सेकंद आधी पेटतो. ताशी ६० किलोमीटर वेगात मागच्याला ३ मीटर जास्त मिळतात. पण लाल काचेमागे लालच घ्यावा. त्याला करंट कमी लागतो, म्हणून काही गाड्या 'बल्ब गेला' असा इशारा देतात. त्यावर उपाय म्हणून लावलेला रेझिस्टर चांगलाच तापतो; तो प्लास्टिकपासून दूर, पत्र्यावर बसवावा. शेवटी एकाने ब्रेक दाबावा, दुसऱ्याने मागून पाहावे.

ब्रेकचा दिवा आपल्यासाठी नसतोच, मागच्यासाठी असतो. असो.